किंकाळी तेवढी माझी

नेब्रास्का, ९ मे १९६६

चि. अर्लीन हिस, अ. उ. आ.

तुझा सिनेमा शेवटी आपल्या गावाबाहेरच्या मैदानात आला, गाडीत बसून बघतात तिथे. बाबांना घेऊन गेले. डोळे पार गेलेत, पण पोरीचा आवाज तरी ऐकतो म्हणाले. तू त्यांच्याशी भांडून रोमला गेलीस तेव्हापासून ते तुझ्या फोनवर यायचं नाव घेत नाहीत, म्हणून मलाही हुरूप आला. तर बाई, तोंड तू उघडलंस आणि बोलली कोणी भलतीच! आपली कधी येणार, असं बाबा सारखं विचारत होते. हीच ती म्हटलं, तर आपण आंधळे झालोय, बहिरे नाही, म्हणाले. मी थापा मारते असं वाटतंय त्यांना. काय प्रकार आहे हा?

रागावली असलीस तरी लिहीत जा.

तुझी व्हर्ना

रोम, २ जून १९६६

ती. सौ. ताईस, शि. सा. न. वि. वि.

इथे शूटिंगला जो तो आपापल्या भाषेत बोलतो आणि मागाहून भाड्याचे गळे आवाज भरतात. यंदा चार सिनेमे केले. तिनांत मेले, चौथ्यात आधीपासूनच भूत आहे. बॅग उघडायलाही फुरसत नाही, आणि थांबले की जीव घाबरा होतो.

तुझं पत्र घेऊन निर्माते टाद्देईंकडे गेले. पुढच्या सिनेमात मी सरदारीण आहे, या खेपेला आवाज मीच देणार म्हणून हटून बसले. सरदारीण मक्याच्या शेतातल्यासारखी बोलली तर लोक हसतील, असं ते तोंडावर म्हणाले. मी रडले, मग शिव्या दिल्या. शिव्या इटालियन होत्या, त्याचं त्यांना कौतुक वाटलं. शेवटी मेहेरबानी म्हणून एवढंच मिळालं: मरतानाची किंकाळी तेवढी माझी. तिला कुठल्या गावची बोली नसते म्हणे.

तो तिकडे आला की बाबांना ने. ओळखलं तरी ते कबूल करणार नाहीत, मला माहीत आहे. पण त्यांनीही नाही ओळखलं, तर मी इथे कोण म्हणून मरतेय तेच मला कळेनासं होईल.

लोभ आटला असेल तर निम्मा तरी ठेव.

तुझी अर्लीन

नेब्रास्का, २१ ऑगस्ट १९६७

चि. अर्लीन हिस, अ. उ. आ.

तुझी सरदारीण काल आली. किंकाळीचं मी बाबांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. हाताची घडी घालून त्या भाड्याच्या बाईला नावं ठेवत बसले होते. मग जिन्यावर तो काळ्या हातमोज्यांचा माणूस आला आणि तू ओरडलीस.

बाबा दार उघडून पळत सुटले, अगं, थेट पडद्याच्या दिशेने! कर्ण्याच्या वायरीत पाय अडकून पडले, गुडघा फुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. सगळं खोटं आहे, सिनेमा आहे, असं मी परोपरीने सांगितलं. तर अंगावरच आले, की असेल खोटं, पण पोर आपली आहे, ती बोंबलतेय आणि तुम्ही सगळे लाह्या काय खात बसलात! मला हसूही आवरेना आणि रडूही.

आज सकाळपासून फोनजवळ खुर्ची ओढून बसलेत. नंबर फिरव म्हणत नाहीत, उठतही नाहीत. सूपसुद्धा तिथेच द्यावं लागलं. तेव्हा तूच कर. आणि उचलून काही बोलले नाहीत, तरी ठेवू नकोस.

इकडचा लोभ तुला ठाऊक आहेच.

तुझी व्हर्ना