पसरणीच्या घाटात मऊ पडलेली भाकरी

पाचगणी, १२ सप्टेंबर १९७४

अव्वा, तुझ्या पायांवर डोकं ठेवून सांगतो, पसरणीचा घाट सायकलवर एकट्यानं चढलो! खाली वाईत ऊन होतं, मध्यावर पाऊस लागला आणि वर लई धुकं. गुडघा जरा खरचटलाय, बाकी ठणठणीत.

तुझी महिनाभर टिकणारी कडक भाकरी मात्र पिशवीत भिजून मऊ पडली. बरंच झालं की! शेंगाचटणी घालून गुंडाळली आणि सायकल चालवतच खाल्ली.

तुझा खोकला थांबला का?

घाटात दम संपला की एस.टी.त बसशील, असं अप्पा मला म्हणाले होते. त्यांना पुढचं मोठ्यानं वाचून दाखव. भर पावसात एस.टी. शेजारी थांबली. कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, सायकल टपावर टाका, आत या."

मी भाकरी दाखवून म्हटलं, "जेवतोय की!"

तुझा, अजून ओलाच,
रेवणप्पा