वेलाला सांगायचं नाव

४ नोव्हेंबर, शेणवा
शहापूरहून एसटीने आले तेव्हा शिवारात भातकापणी जोरात चालू होती. औषधी केंद्रात रक्त तपासायची नोकरी लागली एकदाची! खोली लहान पण स्वच्छ, मशीन नवं कोरं. डोंगरातल्या एका वेलाचा अर्क इथं गाठीच्या रुग्णांना देतात. बारा जण दाखल आहेत. खरं कारण मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. माझी ताई टोकावड्याला आईकडे असते. तिच्या यकृतात गाठ आहे आणि मोठ्या इस्पितळानं हात टेकलेत. अर्कानं गाठ विरघळते का, ते मला या डोळ्यांनी बघायचंय.

७ नोव्हेंबर
वेल आणतात ते लखमाबाबा. पाड्यावरचे म्हातारे, एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत. पूर्वी म्हणे आदल्या दिवशी वेलाच्या बुडाशी तांदूळ ठेवून रोग्याचं नाव सांगत आणि तेवढ्या एकासाठीच वेल तोडत. आता केंद्राला पोत्यानं लागतो, एवढी नावं कोण घेत बसणार? बाबांना ते रुचलेलं नाही. मला हसू आलं. वेलाला कान असतात, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं नव्हतं.

१३ नोव्हेंबर
बारा जणांतल्या बाळीच्या पोटातली लिंबाएवढी गाठ सोनोग्राफीत वाटाण्याएवढी दिसतेय. तिच्या शेजारच्या खाटेवरच्या भगीरथची तर दिसतच नाही. मी चक्क रडले. लगेच ताईला बोलावून पिंपातला अर्क गुपचूप दिला. कडू म्हणून ती तोंड फिरवायला लागली, तेव्हा आधी मी घोटभर प्यायले, मग ती प्यायली. उरलेली बाटली सोबत दिली.

१९ नोव्हेंबर
बाराही जणांचं हिमोग्लोबिन १३.२. साखर ९१. बिलिरुबिन ०.८. मशीन बिघडलं म्हणून साफ करून पुन्हा लावलं. तेच. शिपायाचं रक्त घेतलं, त्याचं वेगळं आलं. म्हणजे मशीन ठीक आहे.

२१ नोव्हेंबर
बाळीचा नवरा डबा घेऊन आला. तिनं त्याला ओळखलं नाही. भगीरथला हाक मारली तर बाराही जणांनी एकदम वळून पाहिलं.
अर्काचा थेंब मशीनला लावला. १३.२.

२२ नोव्हेंबर
लखमाबाबांना गाठलं. म्हणाले, "नाव नाय सांगितलं तर त्याला कसं कळंल गो, कोनाला बरं करायचं? तो समद्यांना येकच करून टाकतो."
उपाय विचारला. घरच्या माणसानं आता तरी तांदूळ ठेवून नाव सांगून बघावं, म्हणाले. पण माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत.

२४ नोव्हेंबर
आईनं ताईला आणून सोडलं. गाठ गेली. रक्त १३.२. मी कोण, हे तिला —
माझं रक्त तपासलं नाही. भीती वाटते.

२५ नोव्हेंबर
सकाळीच वेलापाशी गेले. तांदूळ ठेवले. तोंड उघडलं. ताईचं नाव —
आठवेना. सख्ख्या बहिणीचं.
धावत येऊन ही वही उघडली. पानोपानी ताई. फोनमध्येही ताई. तिला विचारलं, ती नुसती हसली.
आईला फोन लावलाय. वाजतोय. उचलला. कोण बोलतंय, विचारतेय.
आई, मी —
मी —