बेंगळुरू, हवेतनं दीड तास

२ नोव्हेंबर, रविवार
लेकीचा, सौंदर्याचा, बेंगळुरूहून फोन. शिवांशचं जावळ पुढच्या रविवारी, सकाळी नऊला. पोराला मामा नाही, म्हणून मांडी माझी. नातवाचे पहिले केस आजोबाच्या मांडीवर! लई भारी वाटलं.
ठरलं, विमानानं जायचं. रस्त्यानं सहाशे किलोमीटरच्या वर, हवेतनं पाचशेच्या आसपास. दीड तासात खाली. आजवर विमानात बसलो नाही ते केवळ गुळाच्या सीझनमुळं.

३ नोव्हेंबर
मार्केट यार्डात सगळ्यांना दीड तासाचा हिशोब समजावला. शेजारच्या गाळ्यावरचा कृष्णात म्हणाला, भ्या न्हाय वाटत व्हय? चारचौघांत झापला त्याला. आमच्या उजळाईवाडीच्या विमानतळावरनं उडालेलं विमान मी रोज गच्चीवरनं बघतो. बघणं म्हणजे निम्मा अनुभवच की.

५ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. नुसता दीड तास धरून चालत नाही. आधी दोन तास जाऊन बसायचं, उतरल्यावर ट्रॅफिकमध्ये दोन तास. उलट स्लीपर बसमध्ये माणूस झोपून जातो, आणि झोपेतला वेळ मोजायचा नसतो. म्हणजे बसला शून्य तास लागतात. हे कुणाच्या डोक्यात येत नाही.
बायकोला, चन्नम्माला, पटवून सांगितलं. तिकिटं काढून झाल्यात म्हणाली आणि बॅग भरत बसली. बायकांना गणित नको असतं.

६ नोव्हेंबर
कृष्णातनं कोपऱ्यावर फ्लेक्स लावला. माझा गॉगलवाला फोटो, मागं विमान, 'पहिल्या हवाई सफरीस हार्दिक शुभेच्छा'. खाली चौदा शुभेच्छुक. आता माघार नाही. तशी घेणारच नव्हतो.

८ नोव्हेंबर, शनिवार. बसमध्ये.
दुपारी अख्खी गल्ली हलगी घेऊन विमानतळावर. हार घातला. हात हलवत आत गेलो. तपासणीच्या रांगेत एकदम आठवलं, दुकानाचं शटर लावलंय का? जबाबदार माणसाला असं सोडून जाता येत नाही. चन्नम्माला म्हटलं, तू हो पुढं, मी बसनं येतो. ती बॅग घेऊन पुढं गेली.
हलगी थांबेपर्यंत आतच खांबामागं उभा राहिलो. मग दुकान. शटर लावलेलं होतं. चौकात कुणीतरी ओळखेल म्हणून पुढच्या गावी, कागलला, जाऊन बस धरली, मफलर गुंडाळून. तरी शेजारचा म्हणालाच, "पावणं, त्या फ्लेक्सवरचं इमानवालं तुमीच न्हवं?"
भाऊ असेल म्हणालो.

९ नोव्हेंबर, सकाळी आठ
चित्रदुर्गाच्या अलीकडं पहाटेपासनं बस बंद. मेकॅनिक येतोय म्हणे. बेंगळुरू अजून दोनशे किलोमीटर. हवेतनं अर्धा तास. नऊपर्यंत होईल काहीतरी.

संध्याकाळ
दोनला पोचलो. जावळ झालेलं. बराच वेळ माझी वाट बघितली, मग पोर रडायला लागलं, न्हावी घाई करायला लागला. शेवटी शेजारच्या फ्लॅटमधल्या कुणा आदर्शच्या मांडीवर बसवलं. शिवांशला माझ्याकडं दिला तर त्यानं त्या आदर्शकडंच झेप घेतली. लई वाईट वाटलं. सगळ्यांना शटरचं सांगितलं. सगळे बरं म्हणाले.
चहा देताना चन्नम्मा हळूच म्हणाली, "अवो, भ्या वाटत हुतं तर सांगायचं की. मी हात धरला असता."
म्हटलं, भ्या कुणाला? दुकानाचा प्रश्न होता.
मग जरा वेळानं सौंदर्याला बाजूला घेऊन सांगितलं, परतीची दोन तिकिटं विमानाची काढ, शेजारशेजारची. तुझ्या आईला एकटीला भ्या वाटेल.