एकोणीस नंबरचं घर, विनय सोडून

मी, सुवर्णा पुरुषोत्तम बर्वे, वय बावन्न, अविवाहित, राहणार एकोणीस, लार्च स्ट्रीट, एल्मफील्ड, न्यू जर्सी, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते. किमोमुळे बोटं बधिर झाली आहेत, म्हणून अक्षर असं आहे. बाकीच्या बधिरपणाबद्दल मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. वकील याचं इंग्रजी करून घेतील.

कलम एक. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. बाबांनी ते घेतलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी एकाच नकाशावर बांधलेली ही घरं. आम्ही पोरं कोणाच्याही मागच्या दाराने आत शिरायचो. चमचे कुठे, बाथरूम कुठे, हे कधी विचारावं लागलं नाही. नवीन होतो तेव्हा आई, सुलभा बर्वे, भाजीच्या पिशव्या घेऊन, आपलंच समजून शेजारच्या घरात गेली आणि त्यांचा ओटा पुसायला लागली. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती पुन्हा तेच करते. शेजारी पुण्याचं तरुण जोडपं राहतं, ज्ञानदा आणि प्रथमेश. ज्ञानदा फोन करते, "मावशी, आजी इकडे आल्यात. चहा चाललाय, डोन्ट वरी." आईला माणसं आठवत नाहीत, माझं नावही बरेचदा नाही, पण या नकाशातला चमच्यांचा ड्रॉवर तिच्या हाताला बरोबर सापडतो.

कलम दोन. म्हणून आई जिवंत असेपर्यंत हे घर विकू नये, पाडू नये आणि तिला इथून हलवू नये. तिच्या सोबतीला या घरात राहायला कोणीही यावं, विनय सोडून.

विनय माझा धाकटा भाऊ. टेक्सासात फ्रिस्कोला असतो. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाला, "ताई, बी प्रॅक्टिकल. इथे मॉमला सेपरेट बेडरूम आहे, अटॅच्ड बाथ आहे. ते ओल्ड हाउस कोणीतरी पाडणारच ना यार." त्या मोठ्या घरात आई बाथरूम शोधत हिंडेल आणि भिंतीला धरून रडेल. मला भीती फक्त याचीच वाटते. मरणाची वाटायला हवी होती, पण नाही वाटत.

कलम तीन. तांब्याचा गडू, जरीचा खण आणि काठी आईकडेच राहतील. पहिल्या वर्षी आईने पुढच्या दाराशी गुढी उभारली. कडुनिंब मिळेना, म्हणून कुंपणावरची पिवळी फुलं लावली, आणि गाठींच्या जागी मार्शमेलोची माळ. समोरचे मिस्टर हॅगर्टी युद्धात लढलेले. हा आमच्या देशाचा झेंडा असणार असं समजून ते संध्याकाळी टोपी काढून दारात आले. म्हणाले, "मॅम, सूर्य मावळल्यावर हा वर ठेवत नाहीत." बाबांनी ते आईला मराठीत सांगितलं. आईला वाटलं, या माणसाला आपली रीत कशी ठाऊक! मग दरवर्षी ते गुढी उतरवायला यायचे, तेही वेळेच्या फार आधी. आई तिच्या इंग्रजीत सांगायची, "नॉट येट, मिस्टर. सन इज देअर." मग पायरीवर बसून ते श्रीखंड खायचे. त्यांचा चेहरा मला बाबांच्या चेहऱ्यापेक्षा स्पष्ट आठवतो.

विनय चौदा वर्षांचा असताना वर्गातली मुलं हसली म्हणून त्याने ती काठी गुडघ्यावर मोडली. आईने पडद्याचा दांडा काढला आणि त्यावर गुढी उभारली; आजही तोच काठी म्हणून आहे. मी मात्र विसरले नाही. आता त्याच्या कॉलनीत घराबाहेर काही लावायची परवानगीच नाही, म्हणजे त्याचं मनासारखं झालं.

कलम चार. बँकेतली शिल्लक आईच्या देखभालीला. तिच्यानंतर घर आणि उरेल ते विनयच्या मुलीला, गिरिजाला. साक्षीदारांना मृत्युपत्रातून काही देऊ नये असं वकील म्हणतात, म्हणून शिलाई मशीन मी कालच ज्ञानदाकडे पोचवलं. ते परत मागू नये.

इथवर सकाळी लिहिलं. पुढचं आज संध्याकाळचं आहे.

उन्हं कलताना समोर गाडी थांबली आणि विनय रस्ता ओलांडून आला. न कळवता. आज पाडवा, दाराशी गुढी उभी होती आणि आई पायरीवर बसली होती. त्याच्याकडे बघून, हात वर करून म्हणाली, "नॉट येट, मिस्टर. सन इज देअर."

मला वाटलं, हा म्हणेल, मॉम, मी विनय. तो नाही म्हणाला. म्हणाला, "ओके, मॅम. मी थांबतो." आणि तिच्या शेजारी पायरीवर बसला. आईने मला श्रीखंड आणायला सांगितलं. मी उठायच्या आत तोच स्वयंपाकघरात गेला, आणि आईकडे मागे वळून बघत बघत, न चाचपडता, ड्रॉवरमधून चमचा काढला.

सूर्य टेकला तसा तो उठला. गुढीला नमस्कार करून त्याने ती उतरवली, गडू शर्टाला पुसला आणि काठी भिंतीशी आडवी ठेवली. आई म्हणाली, "थँक यू, मिस्टर. नेक्स्ट इयर."

"यस, मॅम," विनय म्हणाला.

मला रडू आलं नाही. पण कलम दोनमध्ये 'कोणीही यावं' याच्या पुढचे दोन शब्द मी खोडले आहेत. खाडाखोड माझीच आहे, आणि साक्षीदारांसमोर तिथे मी वेगळी सही केली आहे.

सही: सुवर्णा पुरुषोत्तम बर्वे

आमच्यासमोर सही झाली आणि दोन शब्द खोडले गेले:
ज्ञानदा प्रथमेश साने
प्रथमेश मनोहर साने

एल्मफील्ड, न्यू जर्सी. गुढीपाडवा, ६ एप्रिल २००८, सूर्यास्तानंतर.