एकाच घडणीची दोन पिस्तुलं

अण्णा, मी पिस्तूल घेतलंय. एक नाही, दोन. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, आता तुम्ही ताटावरून उठून जाऊ शकत नाही, म्हणून सगळं सांगून टाकते. कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पवरून मी नेमबाजीचं सर्टिफिकेट घेऊन साताऱ्याच्या घरी आले, तेव्हा तुम्ही ते वाचलंत, घडी घालून माझ्या हातात परत दिलंत आणि म्हणालात, "आपल्या घरात हे नको." पुढच्या आठवड्यात मी एनसीसी सोडली. का नको ते मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत. आता विचारणारही नाही. हे घर माझं आहे, अमेरिकेत नोव्हायला आहे, आणि इथे काय असावं ते मी ठरवते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. भर दुपारी मी वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, नवरा कारच्या प्लँटवर. मागचं दार लाथेने फोडून एक माणूस आत शिरला. मी बाथरूमचं दार आतून लावून टबात बसले आणि फोनवर पोलिसांशी कुजबुजत राहिले. खाली तो माझ्या स्वयंपाकघरातले ड्रॉवर उघडतोय, एकेक, सावकाश. पोलीस यायला अकरा मिनिटं लागली, तोवर तो माझी पर्स उचलून निघून गेला होता. ओळखीचे सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं, देवाचे आभार मान. मी नाही मानले. अकरा मिनिटं मी दाराच्या मुठीकडे बघत होते, आणि ती फिरली असती तर माझ्या हातात शाम्पूची बाटली होती. त्याचा संताप अजून जात नाही.

मग रीतसर शिकले. घरासाठी नऊ मिलिमीटरचं पिस्तूल घेतलं. त्याच्या गोळ्या महाग, म्हणून सरावाला पॉइंट टू-टूचं एक छोटं पिस्तूल नवऱ्याने सेलमधून आणलं. टू-टूची गोळी बारकी, स्वस्त, धक्काही कमी. हवा तेवढा सराव करा. चार महिने मी त्यावरच हात बसवला. मग एका शनिवारी रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागेवर, कोचने मोठं पिस्तूल हातात दिलं आणि "नाऊ" म्हणाला. माझा अंगठा सेफ्टीचा खटका शोधत राहिला. छोट्याला तो होता, मोठ्याला नव्हताच. कोच शांतपणे म्हणाला, "यू जस्ट प्रॅक्टिस्ड द राँग गन." आणि मला आठवलात तुम्ही.

तुमचा टायपिंग क्लास. खर्च वाचवायला नवशिक्यांच्या मशीनना तुम्ही रिबनच लावत नव्हतात. कोऱ्या कागदावर नुसते ठसे उमटायचे, पण मशीन परीक्षेच्याच मेकचं असायचं. परीक्षेच्या तोंडावर मी मैत्रिणीकडे जाऊन तिच्या हलक्या मशीनवर बोटं चालवत होते, ते कळलं तेव्हा सगळ्या मुलींसमोर तुम्ही मला उभं केलंत. "बोटांना दोन सवयी लावू नकोस. घाबरलीस की डोकं पळून जातं, बोटंच उरतात." त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. रेंजवर मात्र तुमचं बरोबर निघालं. सेलमधलं मी त्याच आठवड्यात विकून टाकलं आणि मोठ्या पिस्तुलाचीच टू-टूतली आवृत्ती घेतली. तीच मूठ, तोच ट्रिगर, बटणं त्याच जागी. नवरा कुरकुरला, त्याला स्वतःसाठी वेगळंच मॉडेल हवं होतं. जन्मभर प्लँटवर सगळ्या गाड्यांना पार्ट कॉमन ठेवा म्हणून भांडलेला माणूस! मी म्हटलं, घरात एकच घडण राहील, दोघांनी त्यावरच शिकायचं. आता दर शनिवारी आम्ही जातो, टू-टूवर मनसोक्त सराव करतो, आणि शेवटी मोजक्या गोळ्या मोठ्यातून. अंगठा आता काही शोधत नाही. तेव्हा तुम्हाला नाक मुरडायचा हक्क नाही, अण्णा. जे घरात नको म्हणालात, ते मी तुमच्याच शिस्तीने शिकले.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला लेक घरी आली. पिस्तुलं ठेवायची तिजोरी बघून तिने बॅग सोफ्यावर ठेवली आणि उभ्याउभ्याच विचारलं, "आई, वुड यू रिअली शूट समवन?" मी म्हटलं, "हो." इतक्या पटकन म्हटलं की ती बॅग उचलून सरळ वर गेली. तिला पटलं, नवऱ्याला तर आधीपासून पटलेलं आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एवढं लिहिते. रेंजवर नेम धरायला कागदाचे दोन प्रकार मिळतात, एक गोलांचा आणि एक माणसाच्या आकाराचा. कोच दर वेळी माणसाचा पुढे करतो. मी दर वेळी गोलांचा मागून घेते.