वृंदाची टगबोट

१६ जानेवारी, सोमवार
नात सरकारच्या जहाजांच्या खात्यात साहेब! वृंदा नियम लिहितेय. तेलानं भरलेला टँकर खाडीच्या तोंडाशी आला, की त्याच्या मागे टगबोट दोरानं बांधलेलीच पाहिजे. टग म्हणजे ठेंगणी, पण रेड्याच्या ताकदीची. टँकरचं सुकाणू अडकलं तर मागून ओढून धरते. नाहीतर टँकर खडकावर, तेल पाण्यात, कोळ्यांची पोटं उपाशी. शुक्रवारी मीटिंग. टगचा खर्च जहाजकंपन्यांच्या माथी, त्यांना आधी कळलं तर वरून दबाव येईल. वृंदा म्हणाली, आजी, बाहेर एक शब्द नको. म्हटलं, माझं पोट म्हणजे तिजोरी.

१७, मंगळवार
कुणाला काही सांगितलं नाही. शेजारच्या कुमुदला फक्त एवढंच, की एक गोष्ट आहे आणि ती मी सांगणार नाही. बिचारी तळमळली.

१८, बुधवार
सरलाकडे हळदीकुंकू. फरीदाबादच्या झाडून साऱ्या मराठी बायका. सरलाचं आपलं जावईपुराण, जहाजकंपनीत मॅनेजर आहे म्हणे. वर विचारते, तुमची वृंदा काय करते हो, फायलीच उचलते ना? मग बोलावंच लागलं. नातीची अब्रू आहे. वाणात मिळालेल्या डब्याला दोरा बांधून टग दाखवली. मीटिंगचा वार मात्र सांगितला नाही. विचारल्यावर सांगितला. सरलानं दोनदा समजून घेतलं. मंदच आहे ती.

१९, गुरुवार, संध्याकाळी ७
वृंदा जेवली नाही. मसुदा बाहेर गेला नव्हता, तरी एका कंपनीचं विरोधाचं पत्र आलं. तिचे वरचे साहेब म्हणाले, लिहिलंय तुम्ही, मग फुटलं कुठून? माझा तिळपापड झाला. म्हटलं, ऑफिसातलंच कुणीतरी घरभेदी आहे, तिथल्या टायपिस्टवर नजर ठेव.

२०, शुक्रवार
सकाळपासून फोनपाशी. देव पाण्यात. साडेचारला वृंदाचा आला. दोर बांधायची सक्ती गेली, टग नुसती जवळपास असली की चालेल. फाइलही तिच्याकडून काढून घेतली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, पत्रावर सरलाकाकूंच्या जावयाची सही होती. मग विचारलं, बुधवारी कुठे होतीस?
म्हटलं, हळदीकुंकवाला. पण मी फक्त...
ती उठून आत गेली.

२१, शनिवार
चहाच्या वेळी विचारलं, ऑफिसात काय नवीन?
म्हणाली, थंडी वाढलीय.