मुर्ध्याच्या तळ्याचा बांध

बाबा, नमस्कार.

आम्ही बरे आहोत. तुमचा गुडघा आता कसा आहे?

इथे मुर्ध्याच्या तळ्याचा बांध फुटून खाडीचं खारं पाणी आत शिरतंय. तळं वाचवायला एक संस्था मदत देणार आहे. अर्जात गावाचा वाटा विचारला होता. मला आपला खारबांध आठवला. उधाणाने तो फुटला की घरटी एक माणूस यायचा, तुम्ही पुढे होऊन बांध घालून घ्यायचात, मागून आई भाकऱ्यांची पाटी घेऊन यायची. मी तेच लिहिलं: घरटी एक माणूस.

संस्थेचे साहेब म्हणाले, "माणसं येतील हो, पण बांध घालायला शिकवणार कोण? नाव द्या, मग मंजुरी."

तुम्हाला न विचारता मी तुमचं नाव दिलं. रसिका म्हणते, "आई गेल्यापासून मामंजींनी उंबरा ओलांडला नाही."

तरी तुम्ही या. नुसतं काठावर बसून सांगा. भाकऱ्या रसिका करील. येताना आईची पाटी आणा.

तुमचा,
रोशन